यंत्रशाळेतून वेदीकडे : फादर जॉर्ज लमेत्र यांचे चरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत, ज्या धर्मगुरूंनी येथे वेदीची सेवा केली त्यांचे कृतज्ञतेने स्मरण होणे उचितच आहे. परंतु त्याचबरोबर पुढील पिढीतून या वेदीस सेवक कोण लाभणार, हाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पूर्वी शाळेचा अभ्यासक्रम संपवून कोवळ्या वयातच मुले सेमिनरीत दाखल होत. आता इंजिनिअरिंगची पदवी संपादन करून, कित्येकदा कारखान्यात वा कचेरीत काही वर्षे काढून, मग पाचारणाचा विचार करणारे तरुणही आढळतात. अशा तरुणाच्या मनात एक शंका सहजच उद्भवते. ज्याने आपली उमेदीची वर्षे आकडे, आकृत्या आणि यंत्रे यांत वेचली, त्याचे मन तत्त्वचिंतनात आणि ध्यानधारणेत रमेल काय? आणि रमले तरी पूर्वीचे सारे शिक्षण व्यर्थ गेले, असे समजावयाचे काय? या शंकेस उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा एका थोर धर्मगुरूचे चरित्रच वाचकांपुढे ठेवणे अधिक बरे.

बालपण

जॉर्ज लमेत्र याचा जन्म 17 जुलै 1894 रोजी बेल्जियममधील शार्लरवा या नगरात झाला. कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या आणि काचेचे कारखाने यांनी गजबजलेला तो मुलूख होता. पिता जोसेफ यांचा स्वतःचा काचेचा कारखाना होता. माता मार्गरीत ही धर्मशील स्त्री होती. चार भावांत जॉर्ज सर्वांत थोरला. त्याचे शिक्षण गावातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत झाले आणि गणितात त्याची बुद्धी विशेष चालते, हे गुरुजनांच्या लवकरच ध्यानी आले.

वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास या मुलाच्या मनात दोन इच्छा एकदमच उत्पन्न झाल्या. आपण धर्मगुरू व्हावे ही एक, आणि आपण शास्त्राचा अभ्यास करावा ही दुसरी. पित्याने त्यास विरोध केला नाही, पण घाईही करू दिली नाही. आधी शिक्षण पुरे करावे, मग पाहावे, असा त्या समंजस गृहस्थाचा सल्ला होता. मुलाने तो मानला. पाचारण खरे असेल तर ते प्रतीक्षेने विझत नाही, याचा अनुभव त्यास पुढे यावयाचा होता.

यंत्रविद्येचे शिक्षण

पुढे कुटुंबावर आपत्ती कोसळली. पित्याचा काचेचा कारखाना आगीत नष्ट झाला. 1910 साली हे कुटुंब ब्रसेल्स येथे राहावयास गेले आणि एके काळचा कारखानदार तेथे बँकेत नोकरी करू लागला. अशा स्थितीत थोरल्या मुलाने संसारास आधार होईल असे काही शिकावे, हे ओघानेच आले. खाणी आणि कारखाने यांच्या त्या देशात इंजिनिअरास मान होता आणि वेतनही चांगले होते. तेव्हा 1911 साली जॉर्ज लुव्हेन येथील कॅथोलिक विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या शाखेत दाखल झाला. खाणकामाची यंत्रविद्या हा त्याचा विषय होता. 1913 साली त्याने त्या अभ्यासक्रमाची पूर्वपरीक्षा उत्तीर्ण केली.

या शिक्षणाने त्यास काय दिले, हे पुढील आयुष्यावरून स्पष्ट दिसते. केवळ कल्पनेवर संतुष्ट न राहता तिची आकड्यांशी गाठ घालून पाहावयाची, आणि हिशेब चुकला तर सुंदर कल्पनाही टाकून द्यावयाची, ही सवय त्याच्या अंगी कायमची बाणली. तरीही यंत्रविद्या हे आपले अंतिम स्थान नव्हे, ही जाणीव त्यास होतीच.

रणांगणावरील चार वर्षे

इतक्यात 1914 सालचा ऑगस्ट महिना उजाडला. जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये प्रवेश केला. जॉर्जने आपल्या एका भावासह स्वयंसैनिक म्हणून नाव नोंदविले. त्याच महिन्यात लुव्हेन नगरास आग लावण्यात आली आणि विद्यापीठाचे प्राचीन ग्रंथालय जळून खाक झाले. ज्या ग्रंथांमध्ये तो वाढला, त्यांची अशी राख झाली.

युद्धाची सारी वर्षे त्याने ईझर नदीच्या काठच्या आघाडीवर काढली. प्रथम तो पायदळात होता, नंतर तोफखान्यात गेला. 1915 सालच्या एप्रिलमध्ये ईप्रजवळ विषारी वायूचा मोठा हल्ला झाला, त्याची भीषणता त्याने जवळून पाहिली. शौर्याबद्दल त्यास युद्धपदकही मिळाले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. खंदकात सवड मिळे तेव्हा हा सैनिक दोन प्रकारची पुस्तके वाची. त्यांत एक थोर फ्रेंच गणिती प्वाँकारे याचे ग्रंथ, आणि दुसरे पवित्र शास्त्र; त्यातही उत्पत्तीचे पुस्तक आणि स्तोत्रे विशेषेकरून. लहानपणीच्या त्या दोन इच्छा मृत्यूच्या सावलीतही एकमेकींची सोबत करीत होत्या.

1919 साली सैन्यातून मोकळा होऊन तो लुव्हेनला परतला, तेव्हा त्याने यंत्रविद्येचा अभ्यासक्रम सोडला आणि गणित व पदार्थविज्ञान यांकडे वळला. त्याचबरोबर सेंट थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानाची पदवीही त्याने मिळविली. 1920 साली गणितात डॉक्टरची पदवी त्यास प्राप्त झाली. प्राध्यापकपद समोर दिसत असताना, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या तरुणाने सेमिनरीचा दरवाजा ठोठावला. तेव्हा त्याचे वय 26 वर्षांचे होते.

मालीन येथील सेमिनरी

मालीन हे बेल्जियमच्या महाधर्मप्रांताचे पीठ. तेथे संत रोम्बाउट यांच्या नावाने एक विद्यागृह होते. युद्धावरून परतलेल्या आणि उशिराने पाचारण स्वीकारणाऱ्या प्रौढ उमेदवारांची तेथे सोय केलेली असे. जॉर्ज तेथे तीन वर्षे राहिला. जगाच्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातील ही सर्वांत मूक वर्षे होत. परंतु त्याच्या साऱ्या पुढील कार्याचा पाया येथेच घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

यंत्रविद्या शिकलेल्या मनुष्यास ईश्वरविज्ञानाचा अभ्यास प्रथमतः परका का वाटावा, हे समजणे कठीण नाही. पुलाचा हिशेब चुकला तर पूल कोसळतो आणि चूक साऱ्या जगास दिसते. ईश्वरविज्ञानात अशी चाचणी हाती नसते. तेथे प्रकटीकरण, ख्रिस्तसभेची परंपरा आणि शतकानुशतकांचे चिंतन हे आधार असतात, आणि त्यांच्यापुढे बुद्धीने प्रथम नम्र होऊन ऐकावे लागते. यंत्रशाळेत विद्यार्थी वस्तूवर सत्ता गाजवावयास शिकतो. सेमिनरीत त्याने स्वतःस दुसऱ्याच्या हाती सोपवावयाचे असते. चार वर्षे रणांगणावर काढलेल्या आणि डॉक्टर ही पदवी धारण केलेल्या प्रौढ तरुणाने पुन्हा बाकावर बसून प्रारंभापासून शिकावयाचे, यातील खरी परीक्षा बुद्धीची नसते, अहंकाराची असते.

जॉर्जच्या बाबतीत एक गोष्ट साहाय्यभूत झाली. तो एका उडीत यंत्रविद्येतून ईश्वरविज्ञानात आला नव्हता. सेंट थॉमस यांच्या तत्त्वज्ञानाचा पूल मधे होता. श्रद्धा आणि बुद्धी ही एकाच परमेश्वराची देणगी असून दोघींस आपापले क्षेत्र आहे, ही शिकवण घेऊनच तो सेमिनरीत शिरला होता. तथापि शिकवण ठाऊक असणे निराळे आणि ती अंगी मुरणे निराळे.

याचा पुरावा त्याच्याच एका लेखात सापडतो. 1921 साली, सेमिनरीत असताना, त्याने परमेश्वराचे पहिले तीन शब्द या विषयावर एक निबंध लिहिला. उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीच्या कथेस पदार्थविज्ञानाच्या आधारे अर्थ लावण्याचा त्यात यत्न होता. प्रत्येक पदार्थ काही ना काही प्रकाश बाहेर टाकतोच. तेव्हा जेथे प्रकाश नाही तेथे पदार्थही नाही. म्हणून प्रकाश निर्माण होण्याची पहिली आज्ञा म्हणजेच शून्यातून सृष्टी निर्माण होण्याची आज्ञा होय, असा त्याच्या विचाराचा रोख होता. निबंध चातुर्याने लिहिलेला होता. नव्याने सेमिनरीत आलेल्या प्रत्येक शास्त्रपंडितास असे काहीतरी लिहावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. आपल्या जुन्या विद्येचा धागा नव्या विद्येस लगेच जोडून टाकावा, म्हणजे दोहोंतील अंतर मिटले, असे त्यास वाटते. परंतु या मार्गात धोका आहे. शास्त्राची उपपत्ती उद्या बदलली तर तिच्यावर टेकविलेला पवित्र शास्त्राचा अर्थही डळमळावयाचा. ती वाट जॉर्जने पुढे सोडून दिली. उत्पत्तीचे पुस्तक हे पदार्थविज्ञानाचे पुस्तक नव्हे, तारणाचा मार्ग दाखविणे हा त्याचा हेतू आहे, ही गोष्ट त्याच्या मनात हळूहळू पक्की झाली. दोन विद्या एकमेकींत कालवून नव्हे, तर एकाच अंतःकरणात शेजारी शेजारी नांदवून त्यांचा मेळ साधावयाचा असतो. सेमिनरीतून त्याने नेलेली शिदोरी ती हीच.

कार्डिनल मेर्सिए यांचा विश्वास

त्या वेळी मालीनचे महागुरुस्वामी कार्डिनल मेर्सिए हे होते. लुव्हेन येथे सेंट थॉमस यांच्या तत्त्वज्ञानाची उच्च संस्था 1889 साली त्यांनीच उभारली होती. नवीन शास्त्रांपासून पळून न जाता त्यांस सन्मानाने सामोरे जावे, हे त्यांचे धोरण होते. युद्धकाळी शत्रूच्या राजवटीत निर्भयपणे पत्रके काढून त्यांनी साऱ्या राष्ट्रास धीर दिला होता.

अशा गुरूच्या नजरेतून हा विद्यार्थी सुटला नाही. नुकतेच, 29 मे 1919 रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणात, ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो हे इंग्रज ज्योतिषी एडिंग्टन आणि त्यांचे सहकारी यांनी पाहिले होते. त्यामुळे आइनस्टाइन यांच्या सापेक्षतावादाचा जगभर बोलबाला झाला होता. जॉर्जला या विषयाची ओढ लागली. सेमिनरीच्या विद्यार्थ्यास ईश्वरविज्ञान सोडून असल्या गोष्टी कशास, असे कोणी म्हणाले असते तर ते नवल नव्हते. परंतु कार्डिनल मेर्सिए यांनी त्यास हा अभ्यास करण्याची मुभा दिली. नेमून दिलेले पाठ आणि प्रार्थना यांतून उरलेल्या वेळात एडिंग्टन यांच्या ग्रंथांवरून तो विषय त्याने बहुतांशी स्वतःच आत्मसात केला, आणि 1922 साली आइनस्टाइन यांच्या पदार्थविज्ञानावर एक प्रबंध लिहिला. त्या प्रबंधामुळे त्यास परदेशी अभ्यासासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली.

पण या कालखंडात तो केवळ गणितच करीत होता, असे कोणी समजू नये. कार्डिनल मेर्सिए यांनी धर्मगुरूंसाठी येशूचे मित्र नावाचा एक बंधुसंघ स्थापिला होता. दारिद्र्य, नित्याचे ध्यान आणि दरवर्षी मौनातील एकांतवास ही त्या संघाची शिस्त. जॉर्ज त्या संघाचा सभासद झाला आणि हे व्रत त्याने अखेरपर्यंत पाळले.

22 सप्टेंबर 1923 रोजी कार्डिनल मेर्सिए यांच्या हस्ते त्यास गुरुदीक्षा मिळाली. नऊ वर्षांच्या मुलाची पहिली इच्छा 20 वर्षांनंतर फळास आली.

धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ

दीक्षेनंतर लागलीच फादर लमेत्र इंग्लंडात केंब्रिजला गेले. तेथे धर्मगुरूंच्या सेंट एडमंड गृहात ते राहत, मिस्सा अर्पण करीत आणि एडिंग्टन यांच्या हाताखाली अभ्यास करीत. पुढील वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत शेपली यांच्याजवळ त्यांनी तेजोमेघांचा अभ्यास केला. 1925 साली ते लुव्हेनला परतून अध्यापन करू लागले.

1927 साली ब्रसेल्सच्या एका शास्त्रीय नियतकालिकात त्यांनी फ्रेंच भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला. दूरदूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत, आणि जितके अंतर अधिक तितका त्यांचा वेगही अधिक. याचे कारण असे की विश्वातील अवकाशच प्रसरण पावत आहे, असे त्यात त्यांनी गणिताने दाखविले. अमेरिकन ज्योतिषी हबल यांचा याच संबंधावरील प्रसिद्ध लेख त्यानंतर दोन वर्षांनी, 1929 साली आला. त्या वेळी मात्र फादर लमेत्र यांच्या निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये आइनस्टाइन यांची भेट झाली असता त्यांनी गणित बिनचूक असल्याचे मान्य केले, परंतु त्यामागील विश्वाची कल्पना आपणास मुळीच पटत नाही, असे बोलून दाखविले. फादर लमेत्र खचले नाहीत. काही वर्षांनी एडिंग्टन यांनी तो निबंध जगापुढे आणला आणि आइनस्टाइन यांनीही आपले मत बदलले.

1931 साली फादर लमेत्र यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. विश्व प्रसरण पावत असेल तर मागे मागे जाता एके काळी ते एका आद्य अणूत सामावलेले असले पाहिजे, असा विचार त्यांनी नेचर या इंग्रजी नियतकालिकात एका छोट्या लेखाने मांडला. पुढे महास्फोट या नावाने जगास ठाऊक झालेल्या सिद्धांताचे हे बीज होय. त्या लेखाच्या हस्तलिखिताच्या शेवटी परमेश्वराविषयी एक लहानसा परिच्छेद होता. लेख पाठविण्यापूर्वी फादर लमेत्र यांनी तो स्वतःच खोडून टाकला. श्रद्धा लपविण्यासाठी त्यांनी हे केले, असे समजणे चूक ठरेल, कारण धर्मगुरूचा झगा घालूनच ते साऱ्या जगात वावरत. पण शास्त्राच्या लेखात शास्त्राचेच प्रमाण असावे, आणि परमेश्वर हा समीकरणातील एक संख्या करण्याइतका लहान नाही, ही त्यांची निष्ठा होती. 1921 सालच्या निबंधाचा लेखक आणि 1931 साली तो परिच्छेद खोडणारा धर्मगुरू यांच्यामध्ये मालीनची वर्षे उभी आहेत.

रोम येथील प्रसंग

या निष्ठेची कसोटी 20 वर्षांनंतर लागली. 22 नोव्हेंबर 1951 रोजी परमगुरुस्वामी पोप पायस बारावे यांनी शास्त्रज्ञांपुढे केलेल्या भाषणात, विश्वास आरंभ आहे असे नवीन शास्त्र सांगू लागल्याने सृष्टिकर्त्याच्या अस्तित्वास जणू पुष्टीच मिळाली, असा भाव व्यक्त केला. आपल्याच सिद्धांताचा असा गौरव झालेला पाहून दुसरा कोणी हर्षाने फुलून गेला असता. फादर लमेत्र मात्र चिंतित झाले. शास्त्राचे सिद्धांत हे अनुमान असतात. नव्या निरीक्षणाने ते उद्या मोडूही शकतात. त्यांच्यावर श्रद्धेची इमारत उभारली तर सिद्धांताबरोबर श्रद्धेचाही उपहास व्हावयाचा. शिवाय ही आद्य अणूची कल्पना धर्मातूनच उचललेली आहे, असा संशय घेणारे शास्त्रज्ञ आधीच होते. त्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले असते.

फादर लमेत्र यांनी वृत्तपत्रांत एक शब्दही लिहिला नाही. रोमला जाऊन त्यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख, येशूसंघीय फादर ओकॉनेल यांच्याशी विचारविनिमय केला. 7 सप्टेंबर 1952 रोजी जगभरातील ज्योतिषशास्त्रज्ञ रोम येथे जमले असता पोपमहोदयांनी त्यांच्यापुढे पुन्हा भाषण केले, तेव्हा त्यात तसा निष्कर्ष आला नाही. ख्रिस्तसभेच्या एका आज्ञाधारक पुत्राने ख्रिस्तसभेची ही फार मोठी सेवा केली. यंत्रविद्या नसती तर अनुमानाची मर्यादा त्यांस कळली नसती, आणि सेमिनरी नसती तर विनयाने बोलण्याची रीत कळली नसती.

उत्तरायुष्य

1960 साली व्हॅटिकनच्या शास्त्रसंस्थेचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. तथापि लुव्हेनमधील अध्यापन हेच त्यांचे मुख्य कार्य राहिले. जुना इंजिनिअरही त्यांच्यात अखेरपर्यंत जिवंत होता. हिशेबयंत्रांची त्यांस भारी हौस. 1958 साली विद्यापीठात पहिले इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आणविले गेले ते त्यांच्याच खटपटीने, आणि साठी उलटल्यावरही ते चालविण्याची विद्या ते हौसेने शिकले.

20 जून 1966 रोजी लुव्हेन येथे फादर लमेत्र प्रभूच्या घरी गेले. त्यापूर्वी थोडेच दिवस, रुग्णशय्येवर असताना, त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांस एक वार्ता आणून दिली. विश्वाच्या आरंभीच्या उष्ण अवस्थेचा मंद अवशेष, आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या लहरींच्या रूपाने, अमेरिकेत दोन संशोधकांस सापडला होता. आपल्या विचारास मिळालेली ही पावती त्यांनी समाधानाने ऐकली. 2018 साली आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्र संघाने मतदान घेऊन, विश्वप्रसरणाच्या नियमास हबल यांच्या जोडीने लमेत्र यांचेही नाव द्यावे, अशी शिफारस केली.

वाचकहो, प्रत्येक इंजिनिअर सेमिनरीत जाऊन फादर लमेत्र होईल असे नाही. तशी अपेक्षाही कोणी बाळगू नये. पण या चरित्रातून एक गोष्ट निश्चित दिसते. परमेश्वर ज्यास बोलावतो त्याच्याकडून तो आधीची विद्या हिरावून घेत नाही. मात्र ती विद्या त्याच्या चरणी ठेवावी लागते, तिच्या बळावर त्याच्या रहस्यांचा हिशेब मांडण्याचा मोह टाकावा लागतो, आणि हे शिकावयास काही मूक वर्षे द्यावी लागतात. आपल्या धर्मग्रामातील ज्या तरुणाच्या मनात अशी हाक उमटत असेल, त्याने आपली पदवी ही अडचण समजू नये. आणि ज्या मातापित्यांच्या घरी असा मुलगा असेल, त्यांनी जोसेफ लमेत्र यांच्याप्रमाणे त्यास धीराने वाट पाहावयास शिकवावे, पण वाट अडवू नये. या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी परमेश्वर आपल्या वेदीस असे सेवक देवो.